सिंहगड ५२ मिनिटांत, आणि मग?

अर्धा_कप

गेल्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढताना अर्ध्या वाटेत मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. रात्री चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं. मनात आलेला पहिला विचार काय, तर ‘गेला आजचा चढ फुकट.’ पाय माझे, घाम माझा, लागलेला दम माझा, तरी फुकट. परत खाली उतरावं का, असा विचार करत मी खरोखर दोन मिनिटं उभा होतो. शेवटी पुणे दरवाजा गाठला, पण त्या दोन मिनिटांची लाज अजून गेलेली नाही. म्हणून हा धागा.

वय ४६. काम हिशेबतपासणीचं, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे. चाळिशी ओलांडल्यावर ‘स्वतःसाठी काहीतरी’ म्हणून तीन गोष्टी धरल्या: दर रविवारी सिंहगड, आठवड्यातून दोनदा तबला आणि मोडी लिपी. पहिल्यांदा गड चढलो तेव्हा पावणेदोन तास लागले होते. वाटेत तीनदा ताक प्यायलो, मीठ-तिखट लावलेली काकडी खाल्ली, एका कुत्र्याशी ओळख झाली. आता ५२ मिनिटं लागतात. ताक बंद, कारण थांबलं की आकडा बिघडतो. कुत्रं अजून तिथेच असतं म्हणे.

तबल्याचंही तेच. गुरुजींनी सहज सुचवलं म्हणून गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसलो. प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली. दोन वर्षं अभ्यासक्रमात आहे तेवढंच वाजवलं. गणपतीत मित्राकडे भजनाला बसलो, गाणाऱ्या काकू म्हणाल्या, ‘धरा हो भजनी ठेका.’ चार आवर्तनांत लय सुटली. कायदा (तबल्यातली ठरलेल्या बोलांची रचना) पलट्यांसकट, म्हणजे त्याच बोलांच्या फिरवलेल्या रूपांसकट पाठ, पण गाणारं माणूस श्वास कुठे घेतं ते ऐकायची सवयच नाही.

तिन्हींत मोडी तेवढी अजून गोड लागते. आजोळच्या ट्रंकेत शेताचा एक जुना कागद सापडला, तो रोज रात्री दोन-तीन ओळी लावत बसतो. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत, शक्यतो हात न उचलता पुढे जायचं, अशी ती तऱ्हा. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. ऱ्हस्वदीर्घाची पंचाईत नाही. सध्या पंधरा दिवस एकाच शब्दावर अडलोय: ‘तिज’ काहीतरी आणि पुढे ‘प्रमाणे’. अडलोय याचं वाईट वाटत नाही, उलट ऑफिसातही मधूनच तो शब्द आठवतो आणि बरं वाटतं. यात परीक्षा नाही, घड्याळ नाही, ‘किती झालं?’ विचारणारं कुणी नाही.

तर माझं म्हणणं असं, की छंदाला प्रगतिपुस्तक जोडलं की त्याची दुसरी नोकरी होते. मोजणं बंद करावं. कुणाला पटत नसेल तर भांडा.

---

गोड_नाही

भांडतोच. तुम्हाला आकड्यांचा वीट आलाय, कारण तुमचे आकडे चांगले आहेत.

दोन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठ निघाली. साडेसहा किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह. डॉक्टर म्हणाले, चाला. आता ‘मनाला येईल तसं चाला’ हा प्रयोग मी आधी वीस वर्षं केलेला आहे. मनाला कधी आलंच नाही. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे बायको दुधाचे खाडे लिहिते, तिथेच माझे खाडे लिहायला लागलो. महिनाअखेरीस दुधाचे चार आणि माझे अकरा. बायको काही बोलली नाही. दूधवाल्याचा हिशेब करताना तिने माझाही मोठ्याने वाचून दाखवला, एवढंच. पुढच्या महिन्यात माझे तीन.

प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही १५० मिनिटं न मोजता कशी भरायची, ते सांगा. चालण्याबरोबर गोळ्या आणि जेवणातला भातही आला, सगळं श्रेय पायांना देत नाही. पण आज साखर ६.४ आहे. हा आकडा मला कुठल्याही भजनापेक्षा गोड लागतो.

---

जोर_बैठक

मोजायचं खूळ घड्याळानं आणलं, हेच मुळात चूक. आमच्या कोल्हापुरात तालमीत पहाटे न मोजता कोण जोर मारत होतं? वडील लाल मातीत वाढले. एवढे जोर, तेवढ्या बैठका, मग लढती, असा वस्तादांचा हुकूम. एक कमी पडला तरी पहिल्यापासून. सूर्यनमस्कारही मोजूनच घालतात की. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते सगळीकडे पोचवले, तेव्हा कुणाच्या मनगटाला काय होतं?

फरक एकच होता, आणि तो मोठा आहे. आकडा वस्तादाच्या तोंडात असायचा. पोरानं फक्त जोर मारायचा. पोरगं तापानं आलंय, घरात काही झालंय, हे वस्ताद नजरेनं ओळखायचा आणि म्हणायचा, ‘आज बस, माती उकर आणि जा.’ तुमच्या घड्याळाला ते कळतंय का? तुम्हाला वस्ताद पाहिजे, दादा. मोजणं सोडून काय होणार?

---

नुसता_वाचक

५२ मिनिटांत वर जाऊन ताक नाही, पिठलं-भाकरी नाही, मडक्यातलं दही नाही, कांदाभजी नाही. मग जाता कशाला राव? जिना चढा घरचा.

---

तिरकिट

परीक्षेवर खापर फोडलंत म्हणून लिहिते. मी तबल्यात विशारद (गांधर्वची वरची परीक्षा) पूर्ण करून आता शिकवते, म्हणजे माझं मत अगदीच तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी बहुतेकांना तालीम मिळायची ती उस्तादाच्या मर्जीने. वर्षानुवर्षं घरी राबायचं आणि मग कधीतरी एक कायदा पदरात पडायचा. कारकून, शिक्षक, घरातल्या बायका यांच्यासाठी तो रस्ता जवळजवळ बंदच होता. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा यांनी तो उघडला. तुमच्या-माझ्यासारखी माणसं नोकरी सांभाळून तबल्यापर्यंत पोचतात ती त्याच रस्त्याने. हाताने ताल देत दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत बोल म्हणून दाखवा, असं परीक्षकाने सांगितलं की मी मी म्हणणाऱ्यांची बोटं अडखळतात. ती अडखळ घरी दार लावून वाजवताना कधीच सापडत नाही.

भजनी ठेक्यात लय सुटली त्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही दोन वर्षांत किती वेळा गाणाऱ्यामागे बसलात? माझा अंदाज, शून्य. गाणाऱ्यासोबत बसू नका, असं कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. तो आळस तुमचा. (रागावू नका, माझ्या विद्यार्थ्यांनाही हेच ऐकवते.)

---

शंकासुर

दोन्ही बाजूंना टाचणी लावतो.

ज्या आकड्यांपुढे आपण लोटांगण घालतो त्यांचं मूळ गाव तपासा. रोज १०,००० पावलं? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई. अर्थच ‘दहा हजार पावलांचं मापक’. ते नाव बाजारासाठी ठेवलेलं, पुढे जगाने पथ्य म्हणून घेतलं. २१ दिवसांत सवय लागते? माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जॉगिंग आलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. पण कुणाला १८ दिवस, तर कुणासाठी अंदाज पार २५४ पर्यंत गेला.

म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला नालायक ठरवणारी जी जनता आहे, ती एका सर्जनच्या अर्धवट वाक्यामुळे. गोड_नाही, तुमची साखर रक्तातली आहे, तो आकडा खरा. पण अर्धा_कप यांची ५२ मिनिटं कुणाला हवी होती?

---

उंबरठा

इतका वेळ वाचतेय, एक प्रश्न कुणीच विचारला नाही. रविवारी सकाळी तुम्ही गडावर, आठवड्यातून दोनदा तबल्याला, रात्री मोडी. त्या वेळात घरात काय चालू असतं?

टोमणा नाही, चौकशी आहे. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सगळे सांगतात. वेळ काढायचा म्हणजे तो कुठून तरी काढावा लागतो, आणि बऱ्याच घरांत तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून निघतो. माझ्या नवऱ्याने सायकल घेतली तेव्हा पहाटे साडेपाचचा चहा, परत आल्यावरचा नाश्ता आणि चिखलाचे कपडे हे तीन नवे छंद मला लागले.

---

अर्धा_कप

बाप रे. एकेक घेतो.

तिरकिट, शून्य बरोबर आहे. चडफडत मान्य.

शंकासुर, ५२ मिनिटं कुणाला हवी होती? सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला मला हवी होती. खोटं कशाला बोलू.

जोर_बैठक, वस्तादाचं पटलं, पण चाळिशीतल्या माणसाला वस्ताद मिळतो कुठे? व्यायामशाळेतला मुलगा पंचवीस वर्षांचा. तो मला ‘सर’ म्हणतो आणि माझा गुडघा दुखतोय हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळत नाही.

गोड_नाही, तुमच्याशी मात्र भांडण चालू ठेवतो. तुम्ही चालता ते औषध म्हणून. औषध मोजूनच घ्यायचं असतं, त्यावर वादच नाही. मी बोलतोय ते आनंदाबद्दल. जेवणात मीठ मोजून घालतात, गप्पा मोजून मारत नाहीत.

उंबरठाताई, रविवारी सकाळी घरात काय चालू असतं, ते मला नीट माहीत नाही. हे लिहिताना कसंतरीच वाटतंय. आज विचारतो.

---

गोड_नाही

औषध आणि आनंद असे दोन डबे करू नका. पहिले चार महिने औषध होतं, कबूल. आता ठाण्यात तलावपाळीला माझ्या वेळेला चालणारे सहाजण आहेत. एक दिवस नाही गेलो तर फोन येतो. ते खाडे लिहिले नसते तर त्या सहाजणांपर्यंत मी पोचलोच नसतो. आकडा हा दारापर्यंत सोडायला आलेला रिक्षावाला आहे. घरात शिरल्यावरही तुम्ही मीटरकडे बघत बसलात, तर चूक मीटरची?

---

उंबरठा

माझी बाजू उलटी आहे, तीही सांगते. मी ४१ व्या वर्षी पोहायला शिकले. नाशिकला, महापालिकेच्या तलावावर, बायकांच्या बॅचला. पहिला महिना कठडा सोडला नाही. पाण्यात चेहरा घालायचा म्हटलं की छाती धडधडायची. शिकवणाऱ्या बाई सारख्या एकच सांगायच्या: पाण्याला ढकलू नका, श्वास आधी बाहेर सोडा. एके दिवशी सोडला आणि तरंगले. त्या दिवशी घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते.

अर्धा_कप, तुम्हाला ‘मोजू नका’ म्हणायला परवडतं. मी नुसतंच ‘मजा येते म्हणून जाते’ म्हटलं असतं, तर पाहुणे आले, परीक्षा आल्या, सासूबाईंचं पथ्य आलं, प्रत्येक वेळी पहिली काट त्या तासावर बसली असती. मजेला कुणी रजा देत नाही. म्हणून मी घरात जाहीर केलं, की मार्चपर्यंत न थांबता पन्नास मीटरची एक लांबी. मग लेकही विचारायला लागली, ‘आई, किती झालं?’ सासूबाईंनी स्वतःहून कुकर लावला. बाईच्या छंदाला घरात कागदपत्रं दाखवावी लागतात. माझा आकडा म्हणजे ती कागदपत्रं.

लांबी झाली फेब्रुवारीतच. कुणाला सांगितलं नाही. मार्चपर्यंतचा तास हातचा गेला असता.

---

तिरकिट

उंबरठा, शेवटची दोन वाक्यं वाचून टाळी वाजवली. माझ्या सकाळच्या वर्गाला सहा बायका येतात, त्यातल्या चौघी परीक्षेचा फॉर्म याच कारणासाठी भरतात. ‘परीक्षा आहे’ म्हटलं की घरचे गप्प बसतात.

अर्धा_कप, आमच्याकडे दर गुरुवारी साडेसातला भजन असतं. तबलजी गावाला गेलाय, दोन महिने येणार नाही. लय सुटली तर सुटली, काकवा सांभाळून घेतात. येणार असाल तर खरड टाका, पत्ता कळवते. मात्र जाण्याआधी घरी विचारा, उंबरठाताई वाचतायत.

---

अर्धा_कप

विचारलं. रविवारी सकाळी बायको वरच्या मजल्यावरच्या आजींकडे जाऊन पेटी शिकते. आठ महिने झाले. मी गडावरून यायच्या आत परत येते. मला का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणाली, ‘तू लगेच परीक्षा कधी विचारलं असतंस.’

यावर मला सध्या काही लिहायचं नाही.

---

नुसता_वाचक

वहिनींना सलाम. गुरुवारी पेटी आणि तबला दोन्ही पाठवा.

---

जोर_बैठक

दादा, सगळं ऱ्हायलं बाजूला. तुमचा तो अडलेला शब्द परवापासून डोक्यात बसलाय. कागद शेताचा आहे म्हणताय ना? ‘तिजाईप्रमाणे’ असणार. तिजाई म्हणजे तिसरा हिस्सा, चौथाई असते तशी. कसणाऱ्यानं पिकाचा तिसरा वाटा मालकाला द्यायचा किंवा त्याच्या उलट, असा काहीतरी करार असेल. पुढच्या ओळीत वाट्याचं काही आहे का बघा.

---

अर्धा_कप

थांबा, ट्रंक उघडतो.