स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळतं का? अनुभव सांगा

झोपेतच "अरे, हे तर स्वप्न!" असं लक्षात येणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. कधीतरी अचानक बऱ्याच जणांना येतं. पण ते वारंवार यावं म्हणून तुम्ही नेमकं काय करता? मराठवाड्यातल्या मंडळींनी लिहाच. नुसतं "मला जमतं" नको.

लातूर, नीटची तयारी
स्वप्नातली अक्षरं दुसऱ्यांदा वाचली की बदलतात, असं ऐकलं होतं. तेव्हापासून बसस्टँडवर एसटीची पाटी वाचायची, मान वळवायची, परत वाचायची आणि स्वतःला विचारायचं, मी झोपेत तर नाही? खरंच शंका घेऊन विचारावं लागतं. उरकायचं म्हणून विचारलं तर स्वप्नातही "नाही, जागीच आहे" म्हणून पुढं जातो आपण. एका पहाटे पाटीवर 'निलंगा' होतं, परत बघितलं तर 'निलंबन'! इतका आनंद झाला की जागच आली. आता कळलं की आधी तळहात एकमेकांवर घासते, स्वप्न थोडं टिकतं.

नांदेड
नाक चिमटीत धरायचं. तरी श्वास चालू राहिला, तर स्वप्न. बाकी कशाची गरज नाही.

बीड
उठल्यावर काय, काहीही सांगता येतं. पुरावा काय?

धागाकर्ता
रास्त प्रश्न. आरईएम म्हणजे ठळक स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा. त्यात अंग लुळं असतं, पण डोळे हलतात. इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी 1975 साली हेच वापरलं. ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकानं स्वप्नात असताना, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडं फिरवले आणि यंत्रावर ती खूण उमटली. पुढं स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

औसा तालुका
माझं वय साठीच्या पुढं. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आमच्या भागात कुणी विसरत नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडी भिंती अन् वरचं माळवद, सगळं अंगावर आलं. मला वर्षानुवर्षं तेच पडायचं: माळवदातून माती गळायलीय, कडी सापडंना. लेकीनं उशाशी वही ठेवायला लावली. उठल्या उठल्या, तोंड धुवायच्या आधी, आठवंल तेवढं लिहायचं. लिहिता लिहिता ध्यानात आलं की दरवेळी वर माळवद असतंच. आताच्या आमच्या घराला स्लॅब आहे. मग झोपताना घोकायला लागले, "माळवद दिसलं की सपान." बऱ्याच दिवसांनी खरंच ओळखू आलं. उडाले-बिडाले नाही मी. कडी काढली, अंगणात जाऊन उभी राहिले. अजून पडतं कधीमधी, पण धडकी भरत नाही.

जालना
पहाटे परत झोपून बघायला गेलो, तर जाग आली पण हात हलंना, छातीवर कुणी बसल्यासारखं. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा. नंतर कळलं, मेंदू जागा झाला पण अंग आरईएममध्येच राहिलं की असं होतं. थोड्या वेळात आपोआप सुटतं. तरी मी नाद सोडला.

परभणी, शेती
मी काहीच शिकलेलो नाही. आमच्या फिडरला थ्री फेज लाईट रात्रीची. हरभऱ्याला दारं धरायचं म्हणून रात्री तीनला उठायचं, स्टार्टर दाबायचा, पाणी सरीला लावायचं अन् शेतातल्या आखाड्यावर परत आडवं व्हायचं. त्या दुसऱ्या झोपेतच होतं. मोटार चालू दिसते, पाणी पडतंय, पण आवाजच नाही. लगेच कळतं!

अंबाजोगाई, नर्स
दादा, लोक गजर लावून हेच करतात. आरईएमचे टप्पे पहाटेकडं लांबत जातात. म्हणून चार-पाच तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि "पुढचं स्वप्न मी ओळखणार" असं मनाशी म्हणत परत झोपायचं. पण रोज नको. झोपमोड अंगावर निघते. आणि मानसिक आजाराची औषधं चालू असतील, भास होत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

परभणी, शेती
ताई, रोज नको हे लाईटवाल्यांना कोण सांगणार? दिवसा लाईट देत असतील तर ही सपनं मी फुकट सोडतो.