नागपुरात राहून शुगर कशी सांभाळता? अनुभव टाका

सकाळी तर्री-पोहे, दुपारी भात, घरी पाहुणा आला की संत्रा बर्फी. यातून शुगर आटोक्यात कोण ठेवून राहिलं, कसं, ते लिहा. बॉर्डरलाइनवाले, गोळीवाले, जेवण झालं की खुर्चीतच पेंगणारे, सगळे चालतील. डाएट चार्ट चिपकवू नका प्लीज.

---
बॉर्डरलाइन. उपाशीपोटी शुगर ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१. डॉक्टर म्हणाले गोळी नको, आधी ताट बदला, पण भात सुटत नाही ना भाऊ, गोळाभात तर जीव की प्राण. मग बायकोनं क्रमच फिरवला, आधी काकडी-मुळा, मग मोडाची मटकी नाहीतर घट्ट वरण आणि भात सगळ्यात शेवटी एकच वाटी, तोवर पोट भरत आलेलं असते. दोन तासांनी मोजतो तर आकडा आधीपेक्षा बराच खाली. ठेल्यावर पण सांगून ठेवलंय, पोहे कमी टाक, तर्रीतले चणे जास्त. तो हसते, पण देते.

---
मी ग्लिमेपिराइडवर आहे, शुगर कमी करायची गोळी. मे महिन्यात सीताबर्डीत खरेदीला गेले, जेवण लांबलं, दरदरून घाम, हात थरथरायला लागले. सगळे म्हणे ऊन लागलं, कांदा हुंगवला बाप्पा! पर्समधल्या शुगरच्या मशीनवर पाहिलं तर ६२, म्हणजे शुगर खाली गेलेली. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घेतली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ७० च्या वर आल्यावरच जेवायला बसले. गोळीवाल्यांनी उन्हाळ्यात घाम आला की आधी मशीन काढा, ऊन नंतर.

---
संत्र आख्खं खा, ज्यूस नको. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा गाळणीत राहते.

---
वरच्या ताई, तुमच्यामुळे आईच्या पर्समध्ये आजच ग्लुकोजची पुडी टाकली.

---
मिहानमध्ये नाइट शिफ्ट. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच खाऊनही शुगर चढते आणि गोड खायची तलब वेगळीच.

---
जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, पायाचे स्नायू साखर ओढून घेतात. फुटाळा तलावावर जात होतो, पण तिथं कणीस, भेळ, आइस्क्रीम पाहून जीव राहत नाही, म्हणून आता गच्चीवरच. मे मध्ये गच्ची रात्री दहालाही तापलेली असते, तेव्हा घरातच हॉल ते किचन, पोरं हसतात तर हसू दे.

---
कारल्याचा रस कोणी घेते का गोळीसोबत?

---
डॉक्टरला विचारूनच घ्या, दोन्ही मिळून शुगर खूप खाली जाऊ शकते.