थंडीत गाडी धुणं: बंबाचं पाणी, मोरचुदाचे डाग आणि रस्त्यावरचं मीठ

प्रेषक: प्रशांत (सध्या मुक्काम पिंपळगाव बसवंत)

नमस्कार मंडळी,

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलाय, त्यामुळे मार्चपर्यंत मी इकडेच आहे. घरी दोन गाड्या आहेत: मळ्यातली डिझेल पिकअप आणि नाशिकला जायची लहान कार. पहाटे पारा ६-७ अंशांवर असतो, निफाडकडे आणखी खाली. गाड्या रात्रभर उघड्यावर असतात, सकाळी दवाने चिंब आणि त्यात धुळीचा राप. ड्रायव्हर सहा वाजता बंबातलं पाणी बादलीत काढून आधी काचेवर ओततो, मग फडक्याने सगळी गाडी पुसतो. पिकअपवर फवारणीचे निळसर-पांढरे डागही बसलेत.

तुमच्यातले बरेच जण उणे तापमानात गाड्या सांभाळतात. गरम पाणी चालतं का? धुवायची वेळ कोणती? आणि डागांचं काय करायचं?

प्रशांत

प्रेषक: माधवी (एडमंटन)

प्रशांत,

काचेवर बंबाचं पाणी ओतणं आजच थांबव. बंबातलं पाणी सहज ६०-७० अंशांचं असतं आणि पहाटे काच ६ अंशांवर. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. बाहेरची काच एकदम तापून फुगते, आतली गारच राहते आणि काचेत ताण येतो. धड काच कदाचित सोसेल. पण हायवेवर ट्रकच्या चाकाखालची खडी उडून तिळाएवढा टवका पडला असेल, तर चीर तिथूनच धावते आणि मग काच बदलण्याशिवाय इलाज नाही. तुमच्याकडे काचेवर बहुतेक वेळा नुसतं दव असतं, बर्फ नव्हे. नळाचं साधं पाणी पुरे. ड्रायव्हरच्या हातांना गार पाणी सोसत नसेल तर कोमट घ्या, म्हणजे हात बुडवून आरामात ठेवता येईल असं, ४० अंशांच्या आत. शिवाय त्याला कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणून द्या.

दुसरं, ते फडकं. दव पडल्यावर धूळ भिजलेली दिसते आणि माणसाला वाटतं, आता पुसली की झालं. पण दवाचं पाणी इतकं थोडं असतं की धुळीचे कण त्यात तरंगत नाहीत, रंगाला चिकटून बसतात. फडकं फिरलं की ते कण रंगावरून घासत जातात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात, त्यांचं मूळ बऱ्याचदा हेच. रोज सकाळी पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी जास्त टिकते. एरवी फक्त काचा आणि आरसे भरपूर पाण्याने धुवून घ्या. वायपरही पाणी मारल्याशिवाय चालवायचा नाही, नाहीतर चिखल काचभर फासला जातो आणि रबराची कड जाते.

धुताना आधी पाइपने वरून खाली भरपूर पाणी सोडा, हात लावू नका. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मगच परत शाम्पूत. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी चाकांजवळचा खालचा पट्टा, या क्रमाने. चाकांना वेगळं कापड, ते वर कुठेच वापरू नये. भांड्यांचा साबण वॅक्स काढून टाकतो, तो नको.

वेळ म्हणशील तर साडेनऊ ते अकरा, सावलीत. तोवर दव उडालेलं असतं आणि पत्रा अजून तापलेला नसतो. नाशिकची थंडी पहाटेची, दुपारी ऊन चांगलंच असतं. तेव्हा धुवायला घेतलं तर पाणी पुसण्याआधी वाळतं आणि डाग धरतं.

माधवी

प्रेषक: दत्ताकाका (नाशिकरोड)

प्रशांत, माधवीताईंनी रंगाचं सांगितलं. मी पिकअपचं सांगतो, कारण मळ्यातल्या गाडीचं दुखणं वेगळं असतं.

तुझे निळसर-पांढरे डाग बोर्डोचे, म्हणजे बुरशीसाठी फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे दिसतात. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. वाळल्यावर चुन्याचं कवच होतं आणि तांबं त्यात अडकून राहतं. नुसत्या शाम्पूने ते निघत नाही, आणि नखाने किंवा तारेच्या घासणीने खरवडलं तर रंगही जातो. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात कापड भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, चुना विरघळला की भरपूर पाण्याने धुवा. जाड डागाला दोनदा करावं लागेल. पत्रा गार असला पाहिजे. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलंय तिथे व्हिनेगर लावू नका.

खरी काळजी डागांची नाही, उघड्या लोखंडाची आहे. बोर्डो तयार झाल्यावर आपण विळ्याचं पातं बुडवून बघतो ना? पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. तो थर चढतो म्हणजे लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. चुना कमी पडलेलं द्रावण किंवा नुसतं मोरचुदाचं पाणी हौद्यात सांडलं तर हौद्याच्या पत्र्यावर हेच घडतं. म्हणून फवारणीचं सामान आणलं-नेलं की त्याच दिवशी हौदा धुवायचा, आठवडाभर थांबायचं नाही. मोरचुदाची पोती प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा.

हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात. कांद्याची टरफलं, क्रेटमधून गळलेली पानं, माती यांनी ती बुजतात. पाणी साचतं, चटईखाली महिनोन्‌महिने ओल राहते आणि पत्रा खालून सडतो. रबरी चटई उचलून धुवा, भोकांतून जाड प्लास्टिकची काडी फिरवा. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात. ती बहुतेकांना माहीतच नसतात.

वॉशिंग सेंटरला गाडी लिफ्टवर चढवलीत की तीन गोष्टी बजावून सांगा.

एक, खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारू द्यायचं नाही. गाडी दोन दिवस काळीभोर दिसते, पण डिझेलने सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि तेलकट पत्र्यावर धूळ दुप्पट बसते.

दोन, प्रेशरचा नोझल पत्र्यापासून फूटभर लांब. रेडिएटरच्या जाळीवर, वायरिंगच्या जोडांवर आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर थेट मारायचा नाही. इंजिन गरम असताना तर बॉनेट उघडूच देऊ नका. टर्बो आणि एक्झॉस्टवर गार पाणी पडलं की ओतीव लोखंडाला चिरा जाऊ शकतात. ब्रेकचंही तसंच. सप्तशृंगी गडावरून नांदुरी घाट उतरून आलात आणि लगेच चाकांवर पाणी मारलं, तर तापलेली डिस्क वाकते आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. निदान अर्धा तास थांबा.

तीन, धुतल्यावर ग्रीसिंग, आधी नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलला (पाट्या अडकवायच्या कड्यांना) आणि पिनांना ग्रीसगन लावून जुनं ग्रीस आणि आत शिरलेलं पाणी बाहेर येईपर्यंत दाबायचं. नवं ग्रीस कडेला दिसलं की पुरे.

बोअरचं पाणी जड असतं. त्याने गाडी धुतली की काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात. शहरात गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असेल तर शेवटचा हात तरी त्याच पाण्याचा मारा. मळ्यावर बोअरशिवाय पर्याय नसेल तर एकेक पत्रा धुऊन लगेच कोरडा करा. ठिपके बसलेच तर उपाय वर सांगितलेलं व्हिनेगरच.

दत्ता

प्रेषक: केदार (टोरांटो)

माधवीताई, दत्ताकाका, धन्यवाद. याच धाग्यात माझाही प्रश्न. इंदिरानगरमध्ये बादलीने गाडी धुवायची सवय, इथे हा पहिलाच हिवाळा. गाडी मिठाने पांढरी झालीय आणि बाहेर उणे १२. गाडी धुवावी की एप्रिलपर्यंत राहू द्यावी? बिल्डिंगमध्ये तळघरातलं गरम पार्किंग आहे.

केदार

प्रेषक: माधवी (एडमंटन)

केदार, एप्रिलपर्यंत थांबू नकोस, पण उणे १२ लाही धुवू नकोस. पारा शून्याच्या आसपास किंवा वर येईल तो दिवस पकड. हिवाळ्यात असे दिवस अधूनमधून मिळतात. साधारण दोन आठवड्यांनी एकदा, आणि मोठ्या बर्फानंतर रस्ते ओले झाले की लगेच.

साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून रस्त्यांवर त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही मिसळतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे गाडीचा तळ वाळतच नाही. कडाक्याच्या थंडीत गंज हळू चढतो, ऊब मिळाली की वेगाने. म्हणून मिठाने माखलेली गाडी न धुता रोज गरम तळघरात लावणं सगळ्यात वाईट. बर्फ वितळतो, मीठ पाण्यात उतरतं आणि रात्रभर लोखंडाशी खेळत बसतं. बाहेर उभी असलेली गाडी त्या मानाने सुरक्षित.

नाणी टाकून आपली गाडी आपणच धुवायच्या जागी (वॉश बे) गेलास तर पहिली दोन-तीन मिनिटं फक्त खालच्या भागाला दे: चाकांच्या कमानी, दारांखालची पट्टी, मागच्या बंपरची आतली बाजू. ब्रेकच्या लोखंडी नळ्या तिथूनच जातात आणि त्या गंजून फुटणं हा दिसण्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. मग फेस खालून वर लाव, म्हणजे ओघळांच्या रेघा उठत नाहीत, आणि धुताना वरून खाली ये. ब्रशला हात लावू नकोस, आधीच्या गाडीची वाळू त्यात असते.

यानंतरचं काम बहुतेक जण सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी दार उघडत नाही. चारही दारं आणि डिकी उघडून रबरी कड आणि ती जिथे टेकते तो पत्रा, दोन्ही कोरडे पूस. कापडावर सिलिकॉन स्प्रे घेऊन रबरावर पातळ हात फिरव, थेट रबरावर फवारू नकोस, काचेवर उडतो. पेट्रोलच्या झाकणाची फट, आरशांच्या कडा, इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं झाकण, इथलं पाणी फुंकून किंवा टिपून काढ. किल्लीचं कुलूप असेल तर पाण्याचा झोत त्यावर मारूच नकोस. दार गोठलंच तर हँडल हिसकू नकोस, हँडल तुटतं आणि रबर फाटतं. बाहेरून दाराच्या कडेने तळव्याने दाब, बर्फाचा थर मोडतो, मग ओढ.

निघाल्यावर दोन-तीन किलोमीटर मागे कोणी नसताना ब्रेक हलके हलके दाबत जा, म्हणजे डिस्क वाळतात. त्या रात्री हँडब्रेक लावू नकोस, ओले ब्रेक गोठून चिकटतात. सपाट जागी गाडी फक्त 'पी' (पार्क) गियरमध्ये ठेव.

तळघर गरम असेल आणि तिथे परवानगी असेल तर मधल्या आठवड्यात रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवून काढावं न लागणारं धुणं, करता येतो. त्याचं द्रावण १ भागाला २५६ भाग पाणी या प्रमाणाचं घेतलंस तर १० लिटरच्या बादलीत सुमारे ४० मिलिलिटर टाक. आधी तेच पाणी स्प्रेने मारून धूळ मऊ होऊ दे. सात-आठ मायक्रोफायबर टॉवेल बादलीत भिजव, एकेक चौघडी घाल, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एकच सरळ हात, मग बाजू उलट. मळका टॉवेल परत बादलीत टाकायचा नाही. मिठाचं जाड कवच असेल तर हा प्रकार नको, तिथे पाण्याचा झोतच हवा.

माधवी

प्रेषक: प्रशांत

बंबाचं पाणी बंद केलंय आणि व्हिनेगर आणलंय. एकच शंका: हँडब्रेकचं इथेही तसंच का?

प्रेषक: दत्ताकाका

इथे ब्रेक गोठत नाहीत. पण पिकअपला मागे ड्रम ब्रेक असतात आणि धुतल्यावर त्यांत पाणी राहतं. हँडब्रेक ओढून गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटतात. धुतल्यावर एक चक्कर मारून ब्रेक वाळवा, मग पहिल्या गियरमध्ये ठेवून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावा. माल भरलेला असेल तर दोन्ही बाजूंनी.