मायक्रोआरएनएवर आधारलेले वाहिनीरोधक औषध अजून का नाही?

जिज्ञासू_वाचक : स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्याशिवाय कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, हा विचार अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. पुढे व्हीईजीएफ हे वाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. परंतु एकच प्रथिन अडवले की गाठ बहुधा दुसरी वाट शोधते. मायक्रोआरएनए हा पेशीतील छोटासा आरएनए रेणू मात्र एकाच वेळी अनेक जनुकांना आवर घालतो. मग त्यावर आधारलेले वाहिनीरोधक औषध अजून रूढ का झाले नाही?

पेशीवेध : आपण जो गुण सांगता, तीच खरी अडचण आहे. हा रेणू सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या अक्षरांचा, असतो आणि जनुकाचा प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएवरची आपली जागा तो मुख्यतः त्यांतल्या सहा-सात अक्षरांवरून ओळखतो. त्यामुळे त्याची लक्ष्ये शेकड्यांनी असतात आणि त्यांपैकी कोणती हाती लागतील हे पेशीवर ठरते. मिर-१२६ या मायक्रोआरएनएचेच पाहा. वाहिनीच्या अस्तरातील पेशींत तो स्प्रेड-१ या रोधक प्रथिनाला दाबतो, म्हणून व्हीईजीएफचा संदेश अधिक जोमाने पोहोचतो. तो नसलेल्या उंदरांच्या भ्रूणांत वाहिन्या गळक्या होऊन रक्तस्राव होतो. फुप्फुसाच्या कर्करोगपेशींत मात्र हाच रेणू व्हीईजीएफची निर्मिती घटवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आता तो द्यायचा की अडवायचा?

सूक्ष्मदर्शी : वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त पोहोचवण्याचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. उघडा आरएनए रक्तात झपाट्याने तुटतो, आणि मेदकणांत गुंडाळून दिला तर त्याचा बराचसा भाग यकृतात अडकतो. मिर-३४ए ची नक्कल असलेल्या एमआरएक्स-३४ ची मानवी चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांत प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम झाले आणि मृत्यूही ओढवले. ते खास वाहिनीरोधक औषध नव्हते, तरी धडा तोच लागू पडतो.

जिज्ञासू_वाचक : मग गाठीतील वाहिन्यांपुरताच मारा करण्याचा काही मार्ग आहे का?

पेशीवेध : उंदरांपुरता आहे. मिर-१३२ निरोगी, शांत अस्तरपेशींत जवळजवळ नसतो, परंतु गाठीतील वाहिन्यांत भरपूर आढळतो. रास या वाढीच्या संदेशावरचा पी-१२०-रासगॅप नावाचा ब्रेक तो काढून टाकतो. त्याला निष्प्रभ करणारा प्रतिरेणू, वाढत्या वाहिन्यांच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन या प्रथिनाला चिकटणाऱ्या नॅनोकणांतून दिला, तेव्हा नव्या वाहिन्या कमी फुटल्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा भारही घटला. येथे रेणूइतकीच त्याच्या पत्त्याची निवड महत्त्वाची होती, म्हणून मला हा प्रयोग मिर-१२६ वरील कामापेक्षा अधिक आश्वासक वाटतो. अर्थात जखम भरून येतानाही नव्या वाहिन्या फुटतात आणि तेच इंटेग्रिन तेथेही असते. शस्त्रक्रियेनंतर लगेच असे औषध देता येईल असे मला वाटत नाही.