गेंडामाळावरचा म्हणून दाखवलेला तोफगोळा

गेंडामाळावरचा म्हणून दाखवलेला तोफगोळा संग्रहासाठी विकत घ्यावा का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये, असे माझे मत आहे. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या त्या माळावर इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या कटाबद्दल सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला: पाच जणांना फाशी दिली, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या. तोफेच्या तोंडी देताना बहुधा नुसत्या दारूचा बार भरत असत, त्यामुळे गोळ्याची कथा मुळातच संशयास्पद वाटते. शिवाय असे गोळे जुन्या किल्ल्यांवर कितीतरी सापडतात, आणि लोखंडावर तारीख उमटत नसते.

वस्तूसोबत लेखी माग असेल तर गोष्ट निराळी. सियालकोटला १८५८ मध्ये तोफेने उडवलेल्या हवालदार आलम बेगची कवटी १९६३ मध्ये इंग्लंडमधील एका मद्यगृहात सापडली. तिच्या डोळ्याच्या खोबणीत हकीकत सांगणारी चिठ्ठी होती, म्हणूनच अभ्यासकांना पुढचा शोध घेता आला. ती कवटी कोणीतरी विजयचिन्ह म्हणून मायदेशी नेली होती, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांचे पुत्र सीताराम हेही गेंडामाळावरच्या त्या सतरांत होते. सातारा-सांगली भागातील जुन्या घरांत त्या काळचा एखादा मोडी कागद निघाला, तर तो आधी जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि मूळ प्रत न विकता वस्तुसंग्रहालयाकडे द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.