अरबी धातू द-र-ब : मारणे, प्रवास, दाखला, कर, नाणी... सगळं एकाच धातूत कसं?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी, सध्या क्लासिकल अरबी शिकतेय आणि द-र-ब या धातूपाशी गाडी अडकलीय. (पहिलं अक्षर 'दाद', म्हणजे तो जड द.) व्याकरण शिकताना नेहमीचं उदाहरण असतं 'दरबा झैदुन अम्रन', झैदने अम्रला मारलं, तिथपर्यंत सगळं सोपं. मग कुराण वाचायला घेतलं तर ७३व्या सूरेच्या २०व्या आयतीत हेच क्रियापद पोटापाण्यासाठी प्रवास करणाऱ्यांना लावलंय, १४:२४ मध्ये दाखला देण्यासाठी आलंय, आणि १८:११ मध्ये गुहेतल्या तरुणांच्या 'कानांवर दरब केलं' म्हणजे त्यांना वर्षानुवर्षं झोपवलं! डिक्शनरी उघडली तर अजून भर, गुणाकार, कर, नाणं पाडणं, दव गोठून पडणारं हिम, घट्ट पांढरा मध, सडपातळ माणूस. याला एकच मूळ अर्थ आहे की वेगवेगळे धातू एकत्र झालेत? आणि वाचताना नेमका कुठला अर्थ घ्यायचा ते कसं ठरवायचं?

पानोपानी

ताई, आधी मराठीतलं 'मारणे' आठवा. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, फेरी मारतो, मिठी मारतो, शिक्का मारतो, आणि यातल्या एकातही कोणाला लागत नाही. तिथे आपण 'मारणे'चा अर्थ सुटा काढतच नाही, शेजारी कुठला शब्द आहे त्यावर सगळं ठरतं. दरबाचं अगदी तसंच आहे, म्हणून सुटं क्रियापद पाठ करू नका, जोडी पाठ करा. दरबा + मसलन (दाखला) म्हणजे दाखला देणे, दरबा + फ़ी ('मध्ये' अशा अर्थाचं अव्यय) + अर्द (जमीन) म्हणजे प्रवासाला निघणे, दरबा + खैमा म्हणजे तंबू ठोकणे, आणि एका आकड्याला दुसऱ्या आकड्यात 'फ़ी' लावून दरबा केलं की गुणाकार. आता बघा, फ़ी दोन्हीकडे आहे, एकीकडे पुढे जमीन आणि एकीकडे आकडा, म्हणजे नुसतं अव्यय बघूनही भागत नाही, कर्म काय आहे तेही बघावंच लागतं. वाचताना दरबा दिसलं की लगेच अर्थ न लावता पुढचे दोन-तीन शब्द वाचून मग मागे या, फार फरक पडतो.

जुनी_पोथी

वरचं पटलं, पण मूळ अर्थाचा प्रश्न राहिलाच. यावर जुन्या अरबी कोशकारांनी खूप विचार केलाय. इब्न फ़ारिसने (मृत्यू हिजरी ३९५) 'मक़ायीस अल-लुग़ा'मध्ये प्रत्येक धातूला किती मूळ अर्थ आहेत हेच शोधलंय, काही धातूंना तो दोन-तीन मुळं देतो, पण द-र-ब बद्दल स्पष्ट म्हणतो की मूळ एकच, बाकीचं त्यावरून उसनं घेतलेलं. कुराणातल्या शब्दांचा कोश लिहिणारा राग़िब इस्फ़हानी अजून पुढे जातो, त्याच्या मते दरब म्हणजे एक वस्तू दुसऱ्या वस्तूवर आदळवणं. मग प्रवास का, तर पाय जमिनीवर आपटतात. तंबू का, तर मेखा ठोकतात. नाणं का, तर हातोडा बसतो. आणि दाखल्याचं त्याचं स्पष्टीकरण मला सगळ्यात आवडतं, ते तो नाण्यावरून घेतो, ठोका एकीकडे बसतो आणि ठसा दुसरीकडे उमटतो, तसं गोष्ट एकाची सांगायची आणि तिचा परिणाम दुसऱ्यात दिसायचा. हिमाचंही जमतं, थंडीने जमिनीला तडाखा दिला. मधाचं मात्र मला कोणाचंच स्पष्टीकरण पटलेलं नाही, तिथे ओढूनताणून 'मारणे' आणू नये असं माझं मत.

सडपातळ माणसाचा अर्थ तरफ़ा या जुन्या कवीच्या मुअल्लक़ात (प्रसिद्ध दीर्घ कवितेत) आहे, 'मी तो दर्ब पुरुष, ज्याला तुम्ही ओळखता' आणि पुढे लगेच स्वतःला सापाच्या चपळ डोक्याची उपमा. इस्लामपूर्व काळातली ओळ आहे, त्यामुळे हा अर्थ कोशकारांनी मागाहून चिकटवलेला नाही हे नक्की.

शब्दवेडी

मेखा-पाय-हातोडा हे एकदम डोक्यात बसलं, थँक्यू दोघांनाही! पण कर कसा आला? आणि संपाला 'इद्राब' म्हणतात ते काम करणाऱ्याने मालकाला फटका दिला म्हणून का?

पानोपानी

नाही, तिथेच गल्लत होते. अरबीत एकाच धातूपासून ठरलेल्या साच्यांची क्रियापदं बनतात, त्यांना क्रमांकाने 'रूप' म्हणतात. इद्राब हे चौथं रूप, 'अद्रबा अन' म्हणजे एखाद्या गोष्टीपासून तोंड फिरवणं, ती सोडून देणं. व्याकरणात 'बल' (उलट, नव्हे तर) या शब्दाला इद्राबचं अव्यय म्हणतात कारण ते आधीचं विधान सोडून नव्याकडे वळतं. कामापासून वळले म्हणून संप, आणि हा संपाचा अर्थ आधुनिक आहे, जुन्या ग्रंथात वाचताना तो घालू नका. कराचं उत्तर २:६१ मध्ये सापडेल, तिथे 'दुरिबत अलैहिम' म्हणजे त्यांच्यावर लादली गेली, काय तर मानहानी. जे लादलं जातं ते 'दरीबा'. जुन्या काळी गुलामाने मालकाला ठरलेली रक्कम आणून द्यायची तिलाही दरीबाच म्हणायचे. पण सावध, दरीबाचा अर्थ स्वभावही होतो, कवितेत कोणाच्या दरीबाची स्तुती असली तर ती कराची नाही!

आठवं रूप 'इद्तिराब' म्हणजे खळबळ, अस्वस्थता, लाटा एकमेकींवर आपटतात तसं काहीसं. तिसऱ्या रूपातला 'मुदारबा' हा व्यापारातला शब्द, एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत, नफा वाटून. इराकचे फ़क़ीह (धर्मशास्त्राचे जाणकार) मुदारबा म्हणायचे आणि हिजाझचे (मक्का-मदिनेच्या भागातले) त्याच कराराला 'क़िराद'. इथलं दरब प्रवासातलं आहे, माल घेऊन हिंडणारा माणूस डोळ्यासमोर आणा.

टाकसाळ

थोडं बाजूचं, पण फ़ारसीत दादचा उच्चार ज़ होतो, म्हणून आपल्याकडे हाच शब्द 'जरब' होऊन आला, धाक या अर्थाने. मुघल रुपया हातात आला तर टाकसाळीच्या गावाच्या नावाआधी 'ज़र्ब' शोधा, म्हणजे तिथे पाडलेलं. उर्दूत म्हणीला 'ज़र्ब-उल-मसल' म्हणतात, तीच १४:२४ मधली जोडी.

जुनी_पोथी

शब्दवेडी, 'लिसान अल-अरब' हा जुना अरबी कोश चाळणार असाल तर एक सांगून ठेवतो, त्यात धातू शेवटच्या अक्षराने लावलेत, म्हणून द-र-ब हा बा च्या प्रकरणात दाद खाली मिळेल, नाहीतर दादमध्ये शोधत बसाल. नोंद लांबलचक आहे, एका बैठकीत वाचायला जाऊ नका.