ग्रुपवरच्या एका फॉरवर्डनंतर शेजारच्यांनी खाली येणंच बंद केलंय, काय करावं?

खारघरकर_आई:
आमच्या मजल्यावर एक कोकणी मुस्लिम कुटुंब आहे, मूळचे म्हसळ्याकडचे, घरात आपल्यासारखीच मराठी बोलतात. उन्हाळ्यात पाण्याची बोंब झाली की रात्री टँकर येतो, तेव्हा काका पाइप धरायला कायम सगळ्यांच्या आधी खाली. काकी दरवर्षी आम्हाला सांदण पाठवायच्या. मध्ये सोसायटीच्या ग्रुपवर एकाने "या लोकांना फ्लॅटच देऊ नयेत" असं फॉरवर्ड टाकलं, कोणीच काही बोललं नाही, काका तासाभरात ग्रुप सोडून गेले. तेव्हापासून त्यांची मुलंसुद्धा खेळायला येत नाहीत. आता कोजागिरी आहे, त्यांना बोलवायचंय पण कसं जाऊ तेच कळत नाही, फार वाईट वाटतंय.

ठाणेकर:
आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 23, पात्र माणसाला सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि धर्म हे काही सबळ कारण नाही. सेक्रेटरींना हे दाखवा. दुसरं म्हणजे आपल्या ठाण्यात 1879 सालचं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, बेने इस्रायली लोकांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणातले लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, आडनावं बघा, पेणकर, रोहेकर. इतकी वर्षं ते आपल्यात राहिले, मराठी बोलले, त्यांचा शनिवार कुणाला खुपला नाही. असं असताना आज हे फॉरवर्ड येतात याचा खरंच त्रास होतो.

वाशी_सेक्टर:
कायदा वगैरे ठीक आहे पण कलम दाखवून कोणी मनाने परत येत नाही हो. मिठाई घेऊन सरळ घरी जा, बाकी विषय काढूच नका. जुनं उकरून काय मिळणार?

मुंब्र्याची_ताई:
मी पण कोकणी मुस्लिमच, म्हणून लिहितेय. विषय काढू नका हे मला अजिबात पटत नाही. एक माणूस वाईट लिहितो त्याचं एवढं लागत नाही, पण ज्यांच्याबरोबर रात्री टँकरखाली पाइप धरला ते सगळे मेसेज वाचून गप्प बसतात ना, ते लागतं. कमिटी घेऊन दारात जाऊ नका, घरातली माणसं घाबरतात की आता काय झालं. तुम्ही एकट्या जा, काकींजवळ बसा, "तेव्हा कोणी बोललं नाही ते चुकलं" एवढं स्पष्ट म्हणा. आणि ग्रुपवरही कुणीतरी लिहायलाच हवं, कारण अपमान चारचौघांत झालाय. कोजागिरीचं त्याच दिवशी विचारू नका, नाहीतर वाटेल कार्यक्रमासाठीच आलात.

खारघरकर_आई:
ताई, मनापासून थँक्यू, हे मला सुचलंच नसतं. उद्या दुपारी काकी एकट्या असतात तेव्हा जाते. सेक्रेटरींशी बोलले, ते ग्रुपवर लिहायला तयार आहेत आणि इथून पुढे फक्त सोसायटीच्या कामाचेच मेसेज असा नियमही करतायत. त्यात काकांचं नाव घ्यावं का?

मुंब्र्याची_ताई:
नाव नको. फॉरवर्ड चुकीचा होता एवढंच लिहा, आणि काकांना ग्रुपमध्ये परस्पर अ‍ॅड करू नका, आधी विचारा.